व्हिसाचा नियम बदलला? आधी तारीख विचारा

‘नियम बदललाय म्हणे’ असं कोणी सांगितलं की मी ‘काय बदललं’ हे आधी विचारत नाही. ‘कोणत्या तारखेपासून, आणि कसली तारीख?’ हे विचारते. एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांची कागदपत्रं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. आता नोकरी नाही, पण भाचरं, मैत्रिणींची मुलं आणि त्यांचे मित्र अजूनही फायली पाठवतात. घाबरून फोन करणाऱ्या बऱ्याच जणांना तो नियम लागूच नसतो. ज्यांना खरोखर लागू असतो ते मात्र निवांत असतात, कारण त्यांनी फक्त मथळा वाचलेला असतो.

नियम कशाला बांधलाय ते शोधा

प्रत्येक नियम कुठल्या ना कुठल्या तारखेला बांधलेला असतो. ती तारीख अर्ज भरल्याची असेल, कोर्स सुरू होण्याची असेल, निर्णय होण्याची असेल किंवा देशात पाऊल ठेवण्याची. ही गाठ सापडली की निम्मं काम झालं.

सगळ्यात सोपी गाठ अर्जाच्या तारखेची. कॅनडाने ‘स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम’ नावाची झटपट वाट ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद केली, तीही दुपारी २ वाजता, तिकडच्या पूर्वेकडच्या वेळेनुसार. त्याआधी जमा झालेले अर्ज जुन्या वाटेने गेले, नंतरचे नेहमीच्या रांगेत. म्हणजे कधी कधी तारीखही पुरत नाही, घड्याळ बघावं लागतं, आणि तेही त्यांचं.

दुसरी गाठ कोर्स सुरू होण्याच्या तारखेची. ब्रिटनने शिकवणी पद्धतीच्या मास्टर्सला जाणाऱ्यांना जोडीदार आणि मुलं सोबत नेण्याची परवानगी काढून घेतली, ती १ जानेवारी २०२४ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या कोर्ससाठी. संशोधनाच्या पदव्या आणि सरकारी शिष्यवृत्तीचे काही कोर्स त्यातून वगळले. इथे अर्ज लवकर भरून काहीच साधत नव्हतं. सप्टेंबरची बॅच डिफर करून जानेवारीत जाणाऱ्याला मात्र हा नियम आपोआप लागला. डिफर करणं म्हणजे नुसतं चार महिने थांबणं नव्हे. त्या चार महिन्यांत तुम्ही दुसऱ्या नियमाखाली जाऊ शकता. म्हणून डिफरच्या मेलला उत्तर देण्याआधी नव्या तारखेला कोणते नियम लागू असतील ते बघा, मग ‘हो’ म्हणा.

कॅनडाच्या शिक्षणानंतरच्या वर्क परमिटचा बदल मी सगळ्यांना मुद्दाम समजावते, कारण त्यात एकाच घोषणेच्या पोटात दोन गाठी होत्या. १ नोव्हेंबर २०२४ पासून दोन अटी आल्या. एक, कोर्स ठरावीक विषयांच्या यादीत बसला पाहिजे. दोन, भाषेची परीक्षा द्यायची. पहिली अट लागायची की नाही हे ठरतं स्टडी परमिटचा, म्हणजे तिथे शिकायच्या परवान्याचा, अर्ज तुम्ही कधी केला होता त्यावर. दुसरी अट लागते वर्क परमिटचा अर्ज कधी करता त्यावर. त्यामुळे ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टडी परमिटसाठी अर्ज केलेल्या मुलीला विषयांची यादी बघायची गरज नाही, पण भाषेची परीक्षा चुकत नाही. शिवाय बॅचलर्स, मास्टर्स आणि पीएचडीवाल्यांना विषयांची अट नाहीच. हे सगळं एका मथळ्यात कसं मावणार? मथळा एवढाच होता की ‘कॅनडाने वर्क परमिट कडक केलं’.

यावरून एक सवय लावून घ्या. अर्ज जमा झाल्याची पोच, तारीख आणि वेळ दिसेल अशी, पीडीएफ करून ठेवा. दोन-तीन वर्षांनी कोणता नियम तुमचा हे त्या कागदावर ठरू शकतं, आणि तोवर तुमचा जुना ईमेल चालू असेलच असं नाही.

अमेरिकेत गाठ बहुतेक वेळा निर्णयाच्या दिवसाची असते. तुम्ही फॉर्म कधी भरला, फी कधी भरली, याला फारसा अर्थ उरत नाही. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला त्या दिवशी ज्या सूचना असतील त्याच चालतात. २७ मे २०२५ ला विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींचे नवे स्लॉट देणं थांबवलं गेलं. १८ जूनला ते पुन्हा सुरू करायचं ठरलं, पण सोबत नवी अट आली: अर्जदारांनी सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायची. ज्यांनी मार्चमध्येच फॉर्म भरला होता आणि मुलाखत जुलैत होती, त्यांनाही ती लागली. ‘पण मी आधी अर्ज केला होता’ हे वाक्य तिथे चालत नाही.

कधी कधी प्रश्न तुम्ही कुठे आहात याचाही असतो. जून २०२५ मधल्या अमेरिकी प्रवेशबंदीत १२ देशांवर पूर्ण आणि ७ देशांवर अंशतः निर्बंध आले. ते लागू झाले अशा लोकांना, जे ९ जूनला अमेरिकेबाहेर होते आणि ज्यांच्याकडे वैध व्हिसा नव्हता. आधी दिलेले व्हिसा त्या आदेशाने रद्द झाले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी १ लाख डॉलर भरण्याची घोषणा झाली, तेव्हा शिकत असलेल्या मुलांची झोप उडाली होती. पुढच्या महिन्यात खुलासा आला की अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बी वर जाणाऱ्यांना ती रक्कम लागू नाही. मधल्या काळात घाईने तिकिटं काढणाऱ्यांना आणि रद्द करणाऱ्यांना मी एवढंच सांगत होते: देशात असाल तर देशातच राहा आणि मूळ आदेश वाचा.

बातमी कितपत शिजली आहे?

घोषणा, मसुदा, अंतिम नियम आणि अंमलबजावणी या चार वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्रं चारही एकाच सुरात छापतात. तुम्ही फरक करायला शिका.

अमेरिकेचंच बघा. विद्यार्थी जोवर शिकतोय तोवर राहू शकतो, ही पद्धत मोडून जास्तीत जास्त ४ वर्षांची ठरावीक मुदत द्यायची, असा मसुदा २८ ऑगस्ट २०२५ ला प्रसिद्ध झाला. कोर्स संपल्यावरचे ६० दिवस ३० वर आणायचे हेही त्यात होतं. अगदी असाच मसुदा सप्टेंबर २०२० मध्येही आला होता आणि जुलै २०२१ मध्ये मागे घेतला गेला. म्हणून मसुदा वाचायचा तो पुढची दिशा कळावी म्हणून. पाच वर्षांची पीएचडी करायची असेल तर त्याची नोंद जरूर ठेवा, पण मसुद्याच्या भरवशावर प्रवेश सोडू नका आणि घेऊही नका.

ब्रिटनची चाल संथ आणि वाचायला सोपी. मे २०२५ मध्ये श्वेतपत्रिका आली, तिच्यात पदवीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा २ वर्षांवरून १८ महिन्यांवर आणायचं म्हटलं. ऑक्टोबरात नियमबदलाचं अधिकृत निवेदन आलं आणि तारीख मिळाली: १ जानेवारी २०२७. अशा निवेदनात शेवटाकडे कुठे तरी एक कोरडं वाक्य असतं, की अमुक तारखेआधी आलेल्या अर्जांचा निकाल जुन्या नियमांनी लागेल. संपूर्ण दस्तऐवजात विद्यार्थ्याच्या कामाचं वाक्य बहुधा हेच. थेट तिथे जा.

कॅनडा मात्र सकाळी घोषणा करून सकाळीच लागू करू शकतो. २२ जानेवारी २०२४ ला स्टडी परमिटच्या संख्येवर मर्यादा आली आणि त्याच दिवसापासून बहुतेक अर्जांना प्रांताचं पत्र, म्हणजे तुम्ही त्याच्या कोट्यात बसता याचा दाखला, लागायला लागलं. पुढच्या वर्षी मास्टर्स आणि पीएचडीलाही ते पत्र सक्तीचं झालं. मग १ जानेवारी २०२६ पासून सरकारी संस्थांतल्या मास्टर्स-पीएचडीला पुन्हा सूट मिळाली. म्हणजे दोन वर्षांत सूट, सक्ती, सूट. मोठ्या भावाने जे केलं ते धाकट्याने डोळे मिटून केलं तर काय होईल, सांगायला नको.

बदल उलटे फिरतात हेही ध्यानात असू द्या. जुलै २०२० मध्ये अमेरिकेने जाहीर केलं की सगळे वर्ग ऑनलाइन असतील तर विद्यार्थ्याला देशात राहता येणार नाही. हार्वर्ड आणि एमआयटी न्यायालयात गेली आणि आठवडाभरातच, १४ जुलैला, ते मागे घेतलं गेलं. कॅनडाने २०२५ च्या जूनमध्ये वर्क परमिटच्या यादीतून १७८ कोर्स काढले आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात ते काढणं पुढे ढकललं. म्हणून माझा नियम असा: बदलाची बातमी आली की त्या दिवशी फक्त वाचायचं. पैसे, तिकीट, प्रवेश यांना हात लावायचा नाही. अपवाद एकच. एखादी वाट अमुक तारखेला बंद होतेय असं अधिकृत पानावर लिहिलं असेल आणि तुमची फाईल तयार असेल, तर त्याच रात्री अर्ज करा.

अधिकृत पान म्हणजे त्या देशाच्या सरकारचं संकेतस्थळ. ब्रिटनचं ‘गव्ह डॉट यूके’, कॅनडाचं ‘कॅनडा डॉट सीए’, ऑस्ट्रेलियाचं होम अफेअर्स खात्याचं, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं. कॅनडाच्या पानावर तळाशी ते शेवटचं कधी बदललं याची तारीख असते, आधी तिथे बघा. अर्ज करता त्या दिवशीचं पान पीडीएफ करून ठेवा. पुढे वाद झाला तर ‘त्या दिवशी असं लिहिलं होतं’ हे दाखवता येतं.

पैसे: इथे सगळ्यात जास्त फायली अडकतात

दाखवायच्या रकमा वाढतात, आणि वाढतात त्या अर्जाच्या तारखेने. ब्रिटनमध्ये लंडनबाहेर राहण्याचा खर्च महिन्याला १,१३६ पौंड दाखवायचा होता. ११ नोव्हेंबर २०२५ पासून १,१७१ झाला. लंडनमध्ये १,४८३ चे १,५२९ झाले. हे ९ महिन्यांपर्यंत मोजायचं, म्हणजे लंडनसाठी १३,७६१ पौंड, वर पहिल्या वर्षाची उरलेली ट्यूशन फी. वाढ दिसायला किरकोळ. पण ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून राहावी लागते आणि एक दिवस जरी एका पौंडाने खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जुन्या आकड्यावर २८ दिवस पुरे केले आणि अर्ज नव्या तारखेला गेला, तर महिना वाया. त्यातून पैसे दुसऱ्या चलनात असतील तर अर्जाच्या दिवशीचा दर धरतात, आणि तो काही तुमच्या हातात नाही.

म्हणून हातचं राखून ठेवा. अटीपेक्षा दहा टक्के जास्त ठेवा, असं मी सांगते. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी निदान अर्ज आणि स्टेटमेंट यांच्यात दिवस जाऊ देऊ नयेत. २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो, पण त्या सवलतीवर विसंबून बसू नका.

ब्रिटनसाठीच आणखी एक. पैसे तुमच्या, आई-वडिलांच्या, कायदेशीर पालकाच्या किंवा जोडीदाराच्या खात्यातले चालतात. आई-वडिलांचे असतील तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडायचं. मामाच्या, काकाच्या, मोठ्या भावाच्या खात्यातले पैसे, कितीही प्रेमाने दिलेले असोत, चालत नाहीत. ते आधी तुमच्या खात्यात यावे लागतात आणि मग २८ दिवस सुरू होतात. मान्यताप्राप्त संस्थेचं शैक्षणिक कर्ज असेल तर त्या पत्राला ही २८ दिवसांची अट नाही, त्यामुळे कर्जवाल्यांचं काम उलट सोपं होतं.

बाकी देशांचे आकडे पटकन सांगते. कॅनडात एकट्या अर्जदाराला राहण्याच्या खर्चासाठी पूर्वी वर्षाला १०,००० डॉलर दाखवले की भागायचं. १ जानेवारी २०२४ पासून २०,६३५ आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर झाले, फी आणि प्रवास वेगळा. ऑस्ट्रेलियात मे २०२४ पासून २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (यातून दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. तुम्ही हे वाचाल तेव्हा आकडा पुढे सरकलेला असू शकतो, म्हणून अर्जाच्या दिवशी अधिकृत पान उघडूनच रक्कम लिहा.

अर्जाची फीही बघा. ऑस्ट्रेलियाची विद्यार्थी व्हिसाची फी ७१० डॉलर होती, १ जुलै २०२४ ला १,६०० आणि बरोबर वर्षाने २,००० झाली. व्हिसा नाकारला गेला तरी ही रक्कम परत मिळत नाही. ऑस्ट्रेलियाचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि बरेचसे बदल त्याच दिवशी लागू होतात. त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांनी जूनच्या शेवटच्या आठवड्यासाठी काहीही शिल्लक ठेवू नये. ब्रिटनची व्हिसा फी बहुधा एप्रिलमध्ये वाढते. ९ एप्रिल २०२५ ला ती ४९० वरून ५२४ पौंड झाली. त्याशिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो संपूर्ण मुदतीचा एकदम भरायचा. घरी हिशेब मांडताना तो हमखास राहून जातो.

तोच विद्यार्थी, दोन देश, दोन उत्तरं

नियमबदलाचा एक परिणाम कागदावर दिसत नाही: प्रश्नच बदलतो. ऑस्ट्रेलियात पूर्वी ‘मी तात्पुरताच येतोय’ हे पटवणारा निबंध लिहावा लागायचा. २३ मार्च २०२४ पासून तो गेला. आता फॉर्ममध्येच प्रश्न येतात आणि प्रत्येकाला १५० शब्दांत उत्तर द्यायचं. तुम्ही खरोखर शिकायला येताय का, हाच कोर्स का, आधीच्या शिक्षणाशी त्याचा काय संबंध, हे ते बघतात. पुढे कधी तिथे कायम राहायचा विचार आला तर तो गुन्हा नाही, हे नव्या पद्धतीत मान्य आहे. तरीही अजून फायलींमध्ये तो जुना दोन पानी निबंध सापडतो, मायदेशातल्या जमीनजुमल्याच्या वर्णनासकट. कोणाच्या तरी ताईने २०२२ मध्ये लिहिलेला. नावं बदलून तो पाचव्या हाती गेलेला असतो.

अमेरिकेत नेमकं उलट. तिथल्या कायद्याचं २१४(बी) कलम असं धरून चालतं की तुम्ही कायमचेच येताय, आणि तसं नाही हे तुम्ही दाखवायचं. त्यामुळे दोन्हीकडे अर्ज करणाऱ्याने एकच उत्तर दोन फायलींत चिकटवू नये. खोटं बोला असं मी म्हणत नाही. प्रश्न वेगळा आहे, त्याला त्याच्यापुरतं खरं उत्तर द्या.

अमेरिकेच्या फायलीचा क्रम असा. विद्यापीठाकडून आय-२० हा प्रवेशाचा दाखला आला की ३५० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची), मग डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म, मग १८५ डॉलरची अर्जाची फी, मग स्लॉट. कोर्स सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपर्यंत व्हिसा मिळू शकतो, आत मात्र ३० दिवसांपेक्षा आधी जाता येत नाही. या बारा महिन्यांच्या सवलतीचा फायदा घ्या. २०२५ च्या उन्हाळ्यात स्लॉट थांबले तेव्हा हाल झाले ते उशिरा रांगेत आलेल्यांचे. स्लॉट लवकर मिळतो म्हणून तिसऱ्या देशात जायची युक्ती पूर्वी चालायची. ६ सप्टेंबर २०२५ पासून सूचना अशी आहे की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा. जुने व्हिडिओ बघून तिसऱ्या देशाचं तिकीट काढू नका.

सोशल मीडियाबद्दल मुलं फार विचारतात. डीएस-१६० मध्ये मागच्या ५ वर्षांत वापरलेली खाती लिहावी लागतात. बंद केलेलं, विसरलेलं खातंही वापरलं असेल तर लिहा. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात सगळं पुसून टाकणं मला शहाणपणाचं वाटत नाही. रिकामं खातंही काही तरी सांगतंच. त्यापेक्षा तिथे लिहिलेलं शिक्षण आणि नोकरी फॉर्मशी जुळते का ते तपासा. एका मुलाच्या प्रोफाईलवर तो अजून अशा कंपनीत ‘मॅनेजर’ होता, जी त्याच्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हती. मित्रांना दाखवायला टाकलं होतं म्हणे.

नंतरच्या नोकरीच्या भरवशावर कर्ज मांडू नका

शिक्षण संपल्यावर किती दिवस काम करता येईल, हा नियम सगळ्यात चंचल. ब्रिटनने ही वाट एप्रिल २०१२ मध्ये बंद केली, १ जुलै २०२१ ला नव्या नावाने उघडली आणि आता आखडती घेतली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून पदवीनंतरच्या ४८५ व्हिसासाठी वयाची मर्यादा बहुतेकांसाठी ५० वरून ३५ वर आणली. संशोधनाने मास्टर्स आणि पीएचडी करणाऱ्यांना सूट आहे. नोकरी सोडून ३४ व्या वर्षी दोन वर्षांचा मास्टर्स करायला निघालेल्या माणसाने हे एक वाक्य आधी वाचायला हवं. कोर्सच्या माहितीपत्रकात ते सापडेलच असं नाही.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२५ ला एक वर्षाच्या मास्टर्सला बसलेल्यांसाठी जरा थांबून सांगते. तुमचा कोर्स सप्टेंबर २०२६ मध्ये संपतो. बारा महिन्यांच्या कोर्सला व्हिसा पुढे चार महिने असतो, म्हणजे तो जानेवारी २०२७ पर्यंत चालेल. माणसाचा स्वभाव असा, की मुदत आहे तर शेवटच्या आठवड्यात बघू. पण ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत गेला तर २ वर्षं, १ जानेवारीला गेला तर १८ महिने. आणि हा अर्ज तुम्ही केव्हाही करू शकत नाही. कोर्स यशस्वीपणे पूर्ण झाल्याचं विद्यापीठाने गृहखात्याला कळवावं लागतं, तुम्ही ब्रिटनमध्येच असावं लागतं आणि विद्यार्थी व्हिसा चालू असावा लागतो. प्रबंधाला मुदतवाढ घेतली किंवा एक विषय राहिला, तर निकाल पुढे जाईल आणि कळवणंही. म्हणून आत्ताच विद्यापीठाला लेखी विचारा: परीक्षा मंडळाची बैठक कधी, आणि त्यानंतर किती दिवसांत तुम्ही कळवता? तारीख डिसेंबरच्या मध्यात जात असेल तर मुदतवाढ मागताना दोनदा विचार करा. नाताळात कार्यालयं बंद असतात.

कॅनडात कोर्स किंवा कॉलेज बदलायचा विचार असेल तर हे ध्यानात घ्या: नोव्हेंबर २०२४ पासून संस्था बदलायला नवं स्टडी परमिट लागतं. ‘आधी कुठेही प्रवेश घे, तिथे गेल्यावर बदल’ हा सल्ला अजून देणारे आहेत. तो सल्ला आता जुना झाला.

अर्ज मध्येच अडकला असताना बदल आला तर

अर्ज मागे घेऊ नका. घाबरून मागे घेतलेला आणि पुन्हा भरलेला अर्ज नव्या तारखेचा होतो, म्हणजे जो नियम लागत नव्हता तो तुम्ही स्वतःच ओढवून घेता. आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाला मेल करा, आणि ‘प्लीज हेल्प, टेन्शन आलंय’ असं लिहू नका. असं लिहा: माझा अर्ज अमुक तारखेला जमा झाला, बायोमेट्रिक्स अमुक तारखेला झाले, कोर्स अमुक तारखेला सुरू होतो, अमुक दिवशी जाहीर झालेला बदल मला लागू होतो का आणि तो कोणत्या कलमात लिहिलाय? अशा मेलला टेबलामागचा माणूस नीट उत्तर देतो, कारण त्याला पुन्हा चार प्रश्न विचारावे लागत नाहीत.

एजंट असेल तरी अर्जाच्या खात्याचा पासवर्ड आणि ईमेल तुमचाच हवा. कॅनडात बनावट प्रवेशपत्रांवर गेलेल्या विद्यार्थ्यांना ते काही वर्षांनी, कायम वास्तव्याचा अर्ज करताना कळलं, आणि २०२३ मध्ये त्यांच्यावर देश सोडायची वेळ आली होती. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र खरं आहे का, हे सरकार संस्थेकडूनच पडताळून घेतं. तुम्हीही एक साधा मेल संस्थेला टाकून खात्री करून घ्या. एजंट रागावला तर रागावू दे.

व्हिसा नाकारला गेला तर पुढचा रस्ता देशागणिक वेगळा. ब्रिटनबाहेरून अर्ज केला असेल तर प्रशासकीय फेरतपासणी २८ दिवसांत मागता येते. अमेरिकेत २१४(बी) खाली नकार आला तर अपील नाही, नवा अर्ज करायचा. जर्मनीत पत्र लिहून फेरविचार मागायची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नवा अर्ज किंवा न्यायालय.

एक कागद मात्र प्रत्येकाने करा. त्यावर फक्त संपण्याच्या तारखा: पासपोर्ट, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल (आयईएलटीएस आणि टोफेल २ वर्षं), ब्रिटनसाठी क्षयरोग तपासणीचा दाखला (६ महिने), कॅनडासाठी वैद्यकीय तपासणी (१२ महिने), ब्रिटनच्या विद्यापीठाचा कॅस, म्हणजे प्रवेश पक्का असल्याचा, क्रमांक (६ महिने). नियमबदलामुळे बॅच पुढे ढकलली की यातलं काही तरी मध्येच संपतं, आणि ते विमानतळावर कळून उपयोग नसतो.

व्हिसा हाती आला की नाव, जन्मतारीख आणि मुदत लगेच तपासा. ब्रिटनचा व्हिसा आता ऑनलाइन खात्यात असतो, तेव्हा नवा पासपोर्ट काढलात तर तो त्या खात्याशी जोडून घ्या. कॅनडाचं खरं स्टडी परमिट विमानतळावर उतरल्यावर छापून मिळतं. त्यावर मुदत किती आहे आणि काम करता येईल असं लिहिलंय का, हे काउंटरवरून हलण्याआधी वाचा. मागे कितीही मोठी रांग असली तरी.